घरची भाषा आणि इंग्रजीची जाण: पाहणीत कसे विचारावे?

प्रश्नकर्ता (कुर्ला)
इंग्रजी संभाषणाचा वर्ग काढायचा की मुलांसाठी मराठी वाचनाचा, हे ठरवण्यासाठी आमच्या वाचनालयातर्फे वस्तीत भाषिक पाहणी सुरू केली आहे. पहिल्याच घरात अडचण आली. आजी मालवणीत बोलत होत्या, सूनबाई त्यांना मराठीत उत्तर देत होत्या, इंग्रजी माध्यमातल्या नातीला ‘वॉटर पी, बॅग भर’ असे सांगत होत्या, आणि दारावरच्या भाजीवाल्याशी सगळ्यांचेच हिंदी चालले होते. आमच्या फॉर्मवर ‘घरची भाषा’ यापुढे एकच रकाना असल्याने त्यांनी ‘मराठी’ लिहिले. ‘इंग्रजी येते का?’ याला बहुतेक जण ‘थोडंफार’ एवढेच म्हणतात. प्रश्न कसे विचारावेत?

प्रतिसाद १
आपल्या जनगणनेत, बालपणी आई ज्या भाषेत बोलत असे ती मातृभाषा मानतात. त्यामुळे आज घरात काय बोलले जाते, हे त्यातून कळत नाही. त्याखेरीज येणाऱ्या दोन भाषांची नोंद होते, पण त्या किती येतात याची होत नाही. २०११ मध्ये इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे देशभरात जेमतेम २.६ लाख होते आणि दुसरी वा तिसरी भाषा म्हणून सांगणारे १२ कोटींहून अधिक. या १२ कोटींत मोडकेतोडके बोलणारा आणि इंग्रजीतून मुलाखत देणारा असे दोघेही येतात. अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या वार्षिक पाहणीत मात्र पाच वर्षे व त्यावरील प्रत्येकाबद्दल, घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलतात का, आणि बोलत असल्यास कोणती व इंग्रजी ‘खूप चांगले, चांगले, फारसे नाही, अजिबात नाही’ यांपैकी कसे बोलतात, असे विचारतात. ही रचना घेता येईल.

प्रतिसाद २ (शिक्षिका)
त्या चार पायऱ्यांवर माणूस स्वतःच स्वतःला जोखतो, एवढे ध्यानात ठेवावे. आमच्या इमारतीचे रखवालदार इंग्रजी पत्ते सहज वाचून पाकिटे घरोघरी पोचवतात, तरी ‘मला इंग्रजी येत नाही’ असेच सांगतात. उलट सातवीतल्या एका विद्यार्थ्याने सोसायटीची नोटीस घडाघडा वाचली, पण पाणी कोणत्या दिवशी बंद राहणार हे त्याला सांगता आले नाही. म्हणून कामे विचारावीत: बँकेचा अर्ज स्वतः भरता का, औषधावरच्या सूचना समजतात का, मुलाच्या शिक्षकांशी फोनवर इंग्रजीत बोलता का? बायका आपले इंग्रजी हमखास कमी सांगतात, हा माझा पालकसभांतला अनुभव आहे. त्यांना नवऱ्यासमोर विचारू नये.

प्रतिसाद ३
घरच्या भाषेसाठी एक रकाना पुरणारच नाही. आजी-आजोबांशी, जोडीदाराशी आणि मुलांशी कोणती भाषा बोलता, हे वेगवेगळे विचारा, आणि जे नाव सांगतील तेच लिहा. जनगणनेच्या तक्त्यांत मालवणी कोकणीखाली, कोळी मराठीखाली आणि भोजपुरी हिंदीखाली मोजली जाते; तुम्ही दारातच असे गट पाडलेत, तर त्या आजींची मालवणी कागदावर येणारच नाही.

प्रश्नकर्ता
तीन रकाने आणि कामांचे प्रश्न घालून फॉर्म नव्याने करत आहे. रविवारी पुन्हा त्याच घरी जाईन आणि या वेळी आधी आजींना विचारीन.