एसीच्या खोलीतून डास जातो कुठे?

‘एसी लावला की डास मरतात’ असं म्हणतात, ते अर्धंच खरं. गार, कोरड्या हवेत डास सुस्तावतो, मरतोच असं नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस जातीच्या डासाला अंधार आणि दमटपणा लागतो. तो न्हाणीत, पलंगाखाली, कपाटामागे किंवा पावसाळ्यात खोलीतच दोरीवर टाकलेल्या अर्धवट ओल्या कपड्यांत बसतो. बहुतेक वेळा जमिनीपासून दीड मीटरच्या आतच. म्हणून छताकडे उडवलेला फवारा फुकट. नळी खाली, फर्निचरच्या मागच्या बाजूला धरा.

आणि एसीचं पाणी जिथे पडतं ती बाल्कांवमधली (दारापुढच्या पडवीतली) बादली! आठवड्यातून एकदा नुसती ओतू नका, आतून काथ्याने घासा. कडेला चिकटलेली अंडी सुकूनही महिनोन्महिने जगतात, पाणी भरलं की फुटतात.