आरसी कार रेसिंग: मोटर-बॅटरीचे नियम कसे ठेवावेत? (कोल्हापूर)

रंकाळा_आरसी

नमस्कार मंडळी. आम्ही दहा-बाराजण रविवारी सकाळी एका बंद पडलेल्या स्केटिंग रिंकवर आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाड्या पळवतो. नुसत्या पळवत होतो तोवर सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. शर्यत लावायचं ठरलं आणि वाद सुरू झाले.

निम्म्या लोकांकडे टामिया कंपनीची टीटी-०२ गाडी आहे, किटमधल्या ५४० साइजच्या ब्रश्ड (आत कार्बनचे ब्रश असलेल्या) मोटरसकट. दोघा-तिघांकडे डब्ल्यूएलटॉइजची १४४००१. त्यातल्या एकानं तिला ब्रशलेस (बिनब्रशची) मोटर बसवलीय. एकजण १३.५ टर्नची ब्रशलेस मोटर घेऊन येतो (टर्न कमी तेवढी मोटर वेगवान), त्याची गाडी सरळ पट्ट्यात गेली की बाकीच्यांनी नुसतं बघत बसायचं. आणि आता एक नवीन गाडी यायला लागलीय, मोटरवर स्टिकर १७.५ चं, पळते मात्र १३.५ च्या बरोबरीनं. स्टिकर बदललंय असं कुणीतरी बोलून गेलं आणि पुढचा अर्धा तास पेठेतल्या फुटबॉल मॅचनंतर होतं तसं झालं.

दिवाळीनंतर छोटी स्पर्धा घ्यायची आहे. पोरं कॉलेजची आहेत, बजेट बेताचं. मोटर, बॅटरी, गिअर, टायर यातलं नेमकं काय आवळायचं आणि काय सोडून द्यायचं?

लेथवाला_उद्यमनगर

भावा, आधी एक ठरव. जे तुला पिटमध्ये (गाड्या तयार करायच्या जागेत) दोन मिनिटांत तपासता येत नाही, त्याचा नियम लिहू नकोस. तसला नियम फक्त प्रामाणिक माणसाला लागू होतो.

तुमची मुख्य शर्यत टीटी-०२ आणि ५४० मोटरवर घ्या. ती मोटर पत्रा दुमडून बंद केलेली असते, टायमिंग (आतल्या वेढ्यांतला करंट किती आधी पलटतो ते) फिक्स, आतले ब्रश बदलायची सोय नाही. कुणी उघडलीच तर दुमडीवर ओरखडे दिसतात. तरीपण दोन नव्या मोटरी अगदी सारख्या निघत नाहीत, आणि काहीजण घरी पाण्यात बुडवून ब्रश बसवून आणतात. त्यावर उपाय हँडआउटचा. मोटरी आयोजकानं एकगठ्ठा घ्यायच्या, पैसे एंट्री फीमध्ये धरायचे, सकाळी चिठ्ठ्या टाकून वाटायच्या आणि शर्यत संपली की गोळा करायच्या. ज्याच्या नशिबाला जी आली ती. मग कुणाच्या मोटरकडे बोट दाखवायला जागाच उरत नाही.

गिअर मात्र विसरू नका, सगळे मोटरवर भांडतात आणि खरी चलाखी पिनियनमध्ये, म्हणजे मोटरच्या दांड्यावरच्या छोट्या गिअरमध्ये असते. टीटी-०२ ला किटमध्ये २२ दात्यांचा पिनियन आणि ७० चा स्पर (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) येतो. आतलं गुणोत्तर २.६ धरलं तर एकूण ८.२७ होतं. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला मोटरचे सव्वाआठ फेरे. पिनियन मोठा केला की हा आकडा खाली येतो, सरळ पट्ट्यात गाडी सुटते आणि मोटर तापते. तपासायला गिअर कव्हर काढायचं, पिनियनच्या एका दात्यावर व्हाइटनरचा ठिपका द्यायचा, मागची दोन्ही चाकं एकत्र धरून एक पूर्ण फेरा फिरवायचा आणि ठिपका किती वेळा वर येतो ते मोजायचं. सव्वाआठ आले तर ठीक. एकच चाक फिरवलंत तर डिफरेन्शियलमुळे (तो दोन चाकांना वेगवेगळं फिरू देतो) हिशेब चुकणार.

टायरचा व्यास वाढवला तरी गिअर वाढवल्यासारखंच होतं. म्हणून सगळ्यांना एकाच कंपनीचा एकच रबर टायर लावा आणि नव्या टायरपेक्षा जेमतेम मोठी एक रिंग करून घ्या. रिंगमधून चाक गेलं नाही तर गाडी बाहेर. रिंग मी लेथवर काढून देतो, पैसे नकोत.

मिसळ_आणि_मोटर

बॅटरीचं कुणी बोललंच नाही. आमच्याकडे एकानं लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) प्लॅस्टिकच्या टेबलावर चार्जला लावली आणि वडापाव आणायला गेला. जाळ अन् धूर संगटच 😂 माणसाला काही झालं नाही, टेबल गेलं. पहिला नियम हाच लिहा: चार्जिंग फायरप्रूफ बॅगमध्ये आणि मालक शेजारी बसलेला.

पिटलेन_पुणे

लेथवालेदादांचं हँडआउटचं पटलं. पण फक्त ५४० वर थांबलात तर ज्यांनी ब्रशलेसवर पैसे घातलेत ते दुसऱ्या रविवारी यायचे नाहीत. त्यांच्यासाठी १७.५ ब्लिंकी ठेवा.

नवीन लोकांसाठी: टर्न म्हणजे वाइंडिंगचे वेढे. वेढे कमी तेवढी मोटर जास्त फिरते आणि जास्त करंट ओढते. २१.५ शांत, १३.५ तिखट, १७.५ मधली. ब्लिंकी म्हणजे ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) स्वतःहून टायमिंग वाढवत नाही असा मोड, त्यात एलईडी लुकलुकत राहतो. गाडी स्टार्टला नेताना बॉडी उचलून तो दिवा बघायचा. हॉबीविंगच्या जस्टॉकसारखे ईएससी याच क्लाससाठी बनवलेत. अमेरिकेतली रोअर ही संघटना मान्य मोटर, ईएससी आणि बॅटरींच्या याद्या ठेवते. तुम्ही त्या यादीतलंच सामान चालेल असं लिहिलंत तर अर्धी कटकट मिटेल.

पण नुसता दिवा बघून भागत नाही. मोटरची मागची झाकणी फिरवून हातानं टायमिंग वाढवता येतं आणि ईएससीचा दिवा बिचारा लुकलुकतच राहतो. त्यामुळे टायमिंग किती अंश ते ठरवा, तपासणीत सगळ्यांची मोटर त्या खुणेवर आणा आणि झाकणी-बॉडीच्या सांध्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्या. रंग दर वेळी बदला, आणि बाटली आयोजकाच्या खिशात ठेवा.

स्टिकरवाल्या मोटरबद्दल: साध्या मल्टिमीटरनं वाइंडिंग मोजायला जाऊ नका. ते काही मिलिओहमचं प्रकरण असतं, त्याला ते कळत नाही. स्कायआरसीचा मोटर ॲनालायझर मिळतो, त्यावर केव्ही (एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे), टायमिंग आणि करंट दिसतो. क्लबनं एक घ्या. संशय आला की त्याची मोटर आणि खात्रीची एक १७.५ एकाच टायमिंगला आणून लागोपाठ लावून बघा, आकडेच बोलतील. तोपर्यंत त्या माणसाला चोर म्हणू नका. टायमिंग वाढवलेलं आणि गिअर नीट लावलेली १७.५ सुद्धा छोट्या ट्रॅकवर ढिल्या १३.५ ला गाठते.

रंकाळा_आरसी

खूप आभार. दोन शंका. काहीजण अजून ७.२ व्होल्टची निकेलवाली बॅटरी वापरतात, त्यांना लायपोवाल्यांबरोबर कसं पळवायचं? आणि १४४००१ चं काय करायचं?

पिटलेन_पुणे

एकत्र नका पळवू. निकेलवाल्या बॅटरीचं व्होल्टेज लोड आला की बसतं, लायपोचं बऱ्यापैकी टिकतं. सगळ्यांना २एस (दोन सेलची), टणक कवचाची हार्डकेस लायपो करा. काही जुन्या ब्रश्ड ईएससीला लायपोचा कटऑफ (व्होल्टेज फार उतरलं की मोटर बंद करायची सोय) नसतो, त्यांना छोटा व्होल्टेज अलार्म लावायला सांगा. सेलमागे ३ व्होल्टच्या खाली गेली की बॅटरी कायमची खराब होते, फुगते.

पूर्ण चार्ज २एस म्हणजे ८.४० व्होल्ट. त्यावर एक काटाही नको. हल्ली एचव्ही (हाय व्होल्टेज) सेल मिळतात, त्या ८.७० पर्यंत चार्ज होतात आणि बाहेरून फरक कळत नाही. मोजायचं स्टार्टच्या आधी, घरी मोजून आणलेलं चालणार नाही. आणि मीटर सगळ्यांना एकच, कारण दोन स्वस्त मीटर कधी एकमेकांशी सहमत होत नाहीत. बॅटरी मुद्दाम गरम करून आणणारेही असतात, उबदार बॅटरी करंट जास्त देते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ऊनच ते काम फुकटात करतं, म्हणून बॅटऱ्या सगळ्यांच्या सावलीतल्या एकाच टेबलावर ठेवा.

लेथवाला_उद्यमनगर

१४४००१ ही १/१४ ची (खऱ्या गाडीच्या चौदाव्या भागाएवढी) आणि तिची मोटर ५५० साइजची. तिला टीटी-०२ शी जुळवायचा नाद सोडा, कागदावर कितीही हिशेब केलात तरी ट्रॅकवर कुणीतरी रडणारच. तीन गाड्या असतील तर त्यांची वेगळी हीट घ्या, आहे त्या मोटरवर, ब्रशलेसवाल्यानं मूळ मोटर परत लावायची. पण क्लास तीनच्या वर जाऊ देऊ नका. बारा माणसांत पाच क्लास केले की प्रत्येकाला काहीतरी बक्षीस मिळतं आणि शर्यत एकाचीही होत नाही.

वजनाचं: सगळ्या टीटी-०२ शर्यतीला तयार अवस्थेत तोला आणि सगळ्यात जड साध्या गाडीच्या आसपास किमान वजन ठरवा. हलकी असेल त्यानं शिसं चिकटवायचं. गुजरीतला सोन्याचा काटा लागत नाही, किराणा दुकानातला डिजिटल पुरतो.

तेरा_पॉइंट_पाच

तो १३.५ वाला मीच 🙏 मोटर बदलायला तयार आहे. पण खरं सांगू का, हँडआउटचा खर्च झेपत नसेल तर क्लेम रूल लावा. शर्यत झाली की कुणीही ठरलेली किंमत मोजून जिंकणाऱ्याची मोटर मागू शकतो आणि त्यानं ती द्यायचीच. नाही दिली तर निकाल रद्द. किंमत नव्या मोटरएवढीच ठेवा. मग महागडी, निवडून काढलेली मोटर लावायचं धाडस कोण करतंय बघू.

पिटलेन_पुणे

क्लेम रूल भारी आहे, पण फक्त ब्रशलेस क्लासला. आणि तपासणीला बसणारा माणूस त्या क्लासमध्ये पळणारा नको. १७.५ वाल्यांनी ५४० तपासायच्या, ५४० वाल्यांनी १७.५.

रंकाळा_आरसी

ठरलं तर. ५४० हँडआउट, १७.५ ब्लिंकी क्लेम रूलसकट, आणि १४४००१ ची वेगळी हीट. नियम एका पानात बसवतो आणि रविवारी रिंकवर सगळ्यांच्या सह्या घेतो. लेथवाले दादा, टायर शनिवारी दुकानावर घेऊन येऊ का?

लेथवाला_उद्यमनगर

ये, पण दुपारी चारनंतर. टायर रिमवर चिकटवलेला आण, सुटा आणलास तर माप खोटं निघेल.