घट्ट होल्स्टर सैल करण्याविषयी
चामड्याचे नवे होल्स्टर, म्हणजे पिस्तूल ठेवण्याचे म्यान, फार घट्ट बसते म्हणून त्याला भरपूर तेल चोळावे, असे काही जण सुचवतात. कृपया तसे करू नये. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले हे चामडे ओले असताना पिस्तुलाच्या आकारावर दाबून घडवलेले असते, आणि त्याचा ताठपणाच पिस्तूल जागी धरून ठेवत असल्यामुळे, तेलाने ते एकदा मऊ पडले की पकड सहसा परत येत नाही. त्याऐवजी सर्व गोळ्या काढून, चेंबर (नळीच्या मागचा, गोळी बसते तो कप्पा) रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून, पिस्तूल मेणकागदाच्या एक-दोन थरांत गुंडाळावे, होल्स्टरमध्ये तळापर्यंत सरकवावे, किंचित डावी-उजवीकडे हलवावे आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. बहुधा एवढे पुरते. पिस्तूल कायमचे मात्र त्यात ठेवू नये, कारण चामडे ओलावा धरून ठेवते आणि पोलादावर गंज चढतो.