झटका मशीनच्या बॅटरीवर डिजिटल मीटर: रेग्युलेटर कुठे जोडायचा?

प्रश्न (यवतमाळ): तुरीच्या धुऱ्यावर रानडुकरांसाठी झटका मशीन (कुंपणाच्या तारेला विजेचे झटके देणारं) आहे. १२ व्होल्टची बॅटरी, वर सोलर प्लेट. तीन वायरचं मीटर (४.५ ते ३० व्होल्ट) लावलं, पण प्रत्येक झटक्याला आकडा उडतो. ७८१२ (१२ व्होल्ट स्थिर देणारा रेग्युलेटर) लावू का?

उत्तर १: ७८१२ नको भाऊ. त्याला आउटपुटपेक्षा साधारण २ व्होल्ट जास्त लागतात, १२ च्या बॅटरीवर ते कायम मिळत नाहीत. ७८०५ (५ व्होल्टचा) घ्या. छापील बाजू समोर धरली की डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. इनपुटला ०.३३, आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, दोन्ही पायांना चिकटून. मीटर २० मिलिअँपिअरच्या आसपास घेतं, म्हणजे उष्णता ०.२ वॉटसुद्धा नाही; हीटसिंक (उष्णता घालवणारी पट्टी) लागत नाही.

लाल वायर ७८०५ च्या आउटपुटला, काळी बॅटरीच्या निगेटिव्हला. मोजणारी वायर (पिवळी किंवा पांढरी) थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला; रेग्युलेटरच्या आउटपुटला लावली तर कायम ५.० च दिसेल.

उत्तर २: नुसत्या ७८०५ वर थांबू नका, त्याचं इनपुट ३५ व्होल्टपर्यंतच, झटक्याची उसळी त्यापुढे जाऊ शकते. आधी ५०० मिलिअँपिअर फ्यूज, मग १एन४००७ डायोड, १० ओहमचा रेझिस्टर, आणि ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा कपॅसिटर. मीटरच्या तिन्ही वायरी (लाल ७८०५ मार्गे) बॅटरीच्या टर्मिनलवरूनच आणा. मशीनकडून घेतल्या तर झटक्याच्या करंटने वायरमध्ये पडणारा व्होल्टेजही मोजला जातो. आकडा उडण्याचं खरं कारण बहुतेक तेच.

उत्तर ३: दोन वायरचं मीटर असेल तर हे चालत नाही, ते स्वतःचा सप्लायच मोजतं. ९ व्होल्टच्या एलसीडी मीटरला तर आयसोलेटेड (मोजायच्या बॅटरीशी न जोडलेला, वेगळा) सप्लायच लागतो.