१९९३ची युनोस रोडस्टर घ्यावी का?

रेडिंगकर
नमस्कार. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. जपानमधून वापरलेली म्हणून आणलेली १९९३ची युनोस रोडस्टर, म्हणजे माझदा एमएक्स-५ची पहिली पिढी, १.६ लिटर इंजिनाची, माझ्या भागात विक्रीला आहे. चालवून पाहिली तेव्हा गिअर इतके नेमके पडत होते की मन तिच्यातच अडकले आहे. मात्र इंजिन थंड असताना वरच्या बाजूने टकटक येते आणि काही मिनिटांनी थांबते. गाडीखाली नुकताच काळा अंडरसील, म्हणजे गंज रोखणारा लेप, मारलेला आहे व मालक तो जमेची बाजू म्हणून दाखवतो. टकटकीची काळजी करावी का? आणि पुढे भारतात परतताना ही गाडी पुण्याला नेता येईल का?

बर्मिंगहॅमवासी
टकटक बहुधा हायड्रॉलिक टॅपेटची, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या भागांची असते. वेळेवर तेल बदलत राहिल्यास ती पुष्कळदा कमी होते, आणि नाही झाली तरी इंजिन त्यामुळे लगेच बसत नाही. हे इंजिन फार सोशिक आहे. टायमिंग बेल्ट तुटला तरी त्यात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत. मला खरी चिंता त्या ताज्या अंडरसीलची वाटते, कारण त्याखाली गंज झाकलेला असू शकतो. या गाडीच्या छतावरचे पाणी आसनांमागच्या दोन नळ्यांतून खाली जाते, आणि त्या पालापाचोळ्याने तुंबल्या की तेच पाणी दाराखालच्या पोकळ सिलमध्ये उतरून पत्रा आतून खाते. त्यात इथे हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ खालून आपले काम करतच असते. म्हणून मागच्या चाकाच्या अगदी पुढचा सिलचा भाग बोटांनी चाचपून पाहा, तिथे चुंबक धरून पुट्टी भरली आहे का ते तपासा, आणि मालकाची परवानगी घेऊन दोन्ही नळ्यांत थोडे पाणी ओता. ते चाकापुढे खाली गळले तर ठीक; गळले नाही, तर ते कुठे साठते आहे हे तुम्हाला कळलेच. इंजिन दुसरे मिळते, पण सडलेला सांगाडा नीट करण्याचा खर्च गाडीच्या किमतीच्या घरात जाऊ शकतो.

जुन्या गाड्यांचा वाचक
वरील मताशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. सिल बदललेली गाडी सरसकट नाकारू नये. जुना पत्रा पूर्ण कापून नवा जोडला असेल आणि त्या कामाची छायाचित्रे मालकाकडे असतील, तर अशी गाडी न उघडलेल्या गाडीपेक्षा भरवशाची, कारण आत काय आहे ते कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेले असते. गंजावरच ठिगळ ठोकलेले असेल तर मात्र पाठ फिरवा. गाडीचा नंबर टाकून सरकारी संकेतस्थळावर एमओटीच्या, म्हणजे इथल्या वार्षिक वाहन तपासणीच्या, जुन्या नोंदी विनामूल्य पाहता येतात. त्यांत गंजाविषयीची सूचना एका वर्षी येते आणि पुढच्या वर्षी, नेमकी अंडरसील मारल्यावर, नाहीशी होते का ते पाहा. जपानमधील काळाची नोंद तिथे नसते, त्यामुळे किलोमीटरच्या आकड्यावर फार विसंबू नये. लंडनला नियमित जाणार असाल तर युलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावणारे तिथले क्षेत्र, तेही तपासून घ्या. इतक्या जुन्या पेट्रोल गाडीला दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागण्याची शक्यता आहे.

कोथरूडकर
पुण्याचे विसरावे लागेल. वापरलेली मोटार भारतात आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, असा सर्वसाधारण नियम आहे. पन्नाशी ओलांडलेल्या विंटेज गाड्यांची गोष्ट वेगळी, पण १९९३ची गाडी दोन्हींत बसत नाही. तेव्हा परतताना ती तिथेच विकायची आहे असे धरूनच किंमत ठरवा.

रेडिंगकर
सर्वांचे मनापासून आभार. नोंदी आताच पाहिल्या. दोन वर्षांपूर्वी डाव्या सिलच्या मागच्या टोकाला गंज असल्याची सूचना आहे, गेल्या वर्षी ती नाही, आणि मधल्या दुरुस्तीचे एकही बिल मालकाने दाखवलेले नाही. त्या जागेचा अंडरसील खरवडून दाखवण्याची विनंती त्यांना करणार आहे. ते तयार नसतील, तर मी दुसरी गाडी शोधेन.