'डॅम' आपल्या दामातून आला का?

धागाकर्ती
पर्वा नाही हे सांगताना इंग्रज 'आय डोन्ट गिव्ह अ डॅम' म्हणतात. माझं ठाम मत आहे की हा डॅम म्हणजे आपला दाम. अकबराच्या काळी तांब्याचे 40 दाम म्हणजे एक रुपया, आणि दमडी तर दामाचा आठवा हिस्सा. 'त्याला दमडीचीही किंमत देत नाही' असं आपण आजही म्हणतो. बोलण्याची तऱ्हा तीच! यूल आणि बर्नेल यांनी 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या हिंदुस्थानातल्या इंग्रजी शब्दांच्या कोशात हेच सुचवलंय. तरी शाळेत हा शब्द निव्वळ शिवी म्हणून शिकवतात, याचं वाईट वाटतं.

नाणेवेडा
ताई, त्यांनी नुसतं सुचवलंय, पुरावा दिलेला नाही. दोषी ठरवणे या अर्थाचं लॅटिन 'दाम्नारे' फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेलं. मोगलांचा दाम पाडायला सुरुवात व्हायच्या कितीतरी आधी. पुढे त्याचा शाप झाला. ऑक्सफर्डच्या कोशानेही दामाची व्युत्पत्ती निराधार म्हणून फेटाळली आहे.

धागाकर्ती
मग इंग्रजी लेखक ऑलिव्हर गोल्डस्मिथ 1760 च्या दशकात 'तीन डॅम'ची पर्वा नाही असं का लिहितो? शाप कोणी मोजतं का? मोजतात ती नाणी.

नाणेवेडा
गोल्डस्मिथ कधी हिंदुस्थानात आला नव्हता. आणि इंग्रज 'आय डोन्ट केअर अ कर्स' असंही म्हणत; कर्स म्हणजे शाप. कर्स नावाचं नाणं कुठे होतं? दमडीशी साम्य आहे, मान्य. पण कवडीमोल वस्तू पुढे करून तुच्छता दाखवणं कुठल्याही भाषेत सुचतं. दाम मलाही प्रिय आहे. माझ्या संग्रहात एक आहे, जाड, ओबडधोबड, हातात जड लागतो. म्हणूनच त्याच्या नावावर न घडलेली गोष्ट खपवलेली मला सहन होत नाही.

कोकणकर
दोघांनाही एक विचारतो. 'आपला' दाम तरी कुठला? ग्रीक 'द्राख्मे' या नाण्याचं संस्कृतात 'द्रम्म' झालं, त्याचा दाम. उत्तर कोकणच्या शिलाहार या मध्ययुगीन राजघराण्याच्या लेखांत 'पारुत्थ द्रम्म' येतात. ग्रीकांचा शब्द आपण इतका मुरवला की दामदुप्पट, दाम करी काम हे आज अस्सल मराठी वाटतं. खरा प्रवास हा आहे, आणि तो दगडावर कोरलेला आहे.

धागाकर्ती
द्रम्माचं माहीत नव्हतं. 'कर्स'चा मुद्दाही बिनतोड आहे. 'ठाम मत' मागे घेते. पण दमडीचं साम्य मी मुलांना सांगणारच, व्युत्पत्ती म्हणून नाही, म्हण म्हणून. कोकणकर, त्या शिलालेखांवर वेगळा धागा काढाल का?