जि. प. शाळेसाठी भूकंपाची तयारी: १२ हजारांत काय काय होईल?

कयाधूकाठ:
तालुका कळमनुरी. जमिनीतून गुडगुड नेहमीचीच, पण २०२४ च्या मार्च आणि जुलैत ४.५ चे धक्के बसल्यापासून पालक विचारतात. दोन खोल्या आरसीसी, एक जुनी दगड-मातीची. तिच्यावर पत्रे, पत्र्यांवर वाऱ्यासाठी धोंडे. ६४ पोरं, बाकं नाहीत, सतरंज्या. दोन लोखंडी कपाटं, खिचडीचा गॅस. समितीकडे १२,००० आहेत. आधी काय करू?

एकनंबर_७७:
सेन्सरचा सायरन घ्या. आमच्याकडे १८,५०० ला बसवलाय, बॅटरीसकट. डोळे झाकून घ्या.

ओळंबा:
बजेट १२ लिहिलंय भाऊ. आणि भूकंपाचं केंद्र १५ किमीवर असेल तर सायरन वाजवणारी पहिली हलकी लाट आणि मागून येणारी जोराची लाट यांत जेमतेम दोन सेकंदांचं अंतर. दोन सेकंदांत ६४ पोरं कुठं नेणार?
सर, आधी धोंडे उतरवा. किल्लारीला माणसं दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाच्या, म्हणजे जाड मातीच्या छपराच्या, वजनाखाली गेली. धोंडे काढले की पत्रे वावटळीत उडतील, म्हणून जे-हुक मारा. प्रत्येक आडव्या पाइपावर पत्र्यामागे तीन, म्हणजे मध्यम खोलीला शंभर-सव्वाशे. भोक पन्हळीच्या उंचवट्यावर पाडा, खोलात पाडलं तर पहिल्याच पावसात गळतं. डांबरी वायसर घालाच. पाइप भिंतीवर नुसते टेकवलेले असतील तर आधी ते बांधून घ्या, नाहीतर वारा पाइपासकट छप्पर उचलेल.

पांढरी_माती:
मराठवाड्यात कसला भूकंप? काळजी कोयनेवाल्यांनी करावी.

ओळंबा:
१९९३ पर्यंत किल्लारीचा भाग नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यातच होता.

गिलावा:
मीही हेच सांगणार होतो, धोंडे उतरवा. पण भिंतही बघा. मधे पोट आलं असेल तर आतला आणि बाहेरचा थर सुटलाय. दोन्ही थर धरून ठेवणारे आरपार दगड जुन्या बांधकामात घातलेलेच नसतात. सिमेंटच्या गिलाव्याने भेगा बुजवू नका. भिंत तेवढीच कच्ची राहते, फक्त भेग दिसायची बंद होते. लिंटेलच्या (दार-खिडकीवरच्या आडव्या पट्टीच्या) वर दोन्ही अंगांना जाळीचा पट्टा घालून भिंतीतून सळईने जोडता येतो, पण ते अभियंत्याने आखून द्यायचं काम. १२ हजारांत नाही.

वर्गमॉनिटर:
स्टीलची बाकं घ्या. बाकाखाली घुसायचं, पाय घट्ट धरायचा. बाकी सगळं नंतर.

तासिका_आठवी:
६४ पोरांची बाकं १२ हजारांत? सतरंजीवरही जमतं: खिडकी-कपाटापासून लांब, गुडघ्यावर वाकून, दप्तर डोकं आणि मान झाकेल असं. हे आरसीसी खोलीत. दगड-मातीच्या खोलीत दार हाताशी आणि पुढे मोकळं असेल तर सरळ बाहेर.
विजेच्या घंटेवर विसंबू नका, लाइट गेली की मुकी. रुळाचा तुकडा टांगा. हादरा थांबल्यावर टोल, मग बाहेर. रांग कंपाउंडच्या भिंतीला चिकटून नको, हजेरीपट बाहेर नेणारा माणूस आधीच ठरलेला हवा. सिलिंडरला भिंतीशी साखळी, खिचडी झाली की रेग्युलेटर बंद. कपाटाला वरून दोन अँगल, भोक विटेत पाडा, सांध्यात पाडलं तर स्क्रू हाताने निघतो.

गिलावा:
धोंडे काढले का?

कयाधूकाठ:
भिंतीला पोट आहे. पोरं आरसीसी खोल्यांत हलवली, जुन्या खोलीला कुलूप आणि भोवती दोरी. हुक नाही मारले, धोंडे आणि पत्रे दोन्ही उतरवले. १२ हजारांतून पाइप आणून त्याच पत्र्यांचं खिचडीचं शेड करतोय, मैदानाच्या कडेला. अँगलही नाही, कपाटं आडवी पाडली, दारं वर. पोरांना बसायला ओटा झाला.

ओळंबा:
बिनछपराची दगड-मातीची भिंत पावसाळ्यात माती विरघळून कोसळते. माथ्यावर ताडपत्री टाका, नाहीतर पाडायची परवानगी आत्ताच मागा. आणि शेड भिंतीच्या उंचीच्या दीडपट तरी लांब ठेवा.

एकनंबर_७७:
मग सायरनचं काय ठरलं?